पूलमधील तुलना: काठीची आणि टेबलाची

पूल म्हणजे सहा पॉकेटच्या टेबलावर पांढऱ्या बॉलच्या माऱ्याने क्रमांक घातलेले बॉल पॉकेटमध्ये पाडण्याचा खेळ. त्यातील अव्वल खेळाडूंची तुलना त्यांच्या काठीवरून, म्हणजे क्यूवरून, करण्याची रीत अलीकडे रूढ होत चालली आहे. तिचा पूर्वपक्ष असा की, अग्रगण्य खेळाडू कार्बन तंतूंच्या महागड्या काठ्या वापरतात आणि तेच जिंकतात, म्हणून ज्याला वर चढायचे त्याने प्रथम तशी काठी मिळवावी. भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावातल्या होतकरू खेळाडूला हा सल्ला परवडणारा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो खरा नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे तेवढे आधी मान्य केले पाहिजे. पांढऱ्या बॉलला मध्याच्या डावीकडे वा उजवीकडे मारून फिरकी दिली की तो नेमाच्या रेषेवरून विरुद्ध बाजूला किंचित ढळतो, आणि हे ढळणे काठीच्या टोकाकडील वजनावर अवलंबून असल्यामुळे टोक हलके केले की ते कमी होते. कार्बनच्या पोकळ काठीचा मुख्य गुण हाच. परंतु ढळणे कमी होते, नाहीसे होत नाही. काठी कोणतीही असली तरी तिच्या ढळण्याइतका नेम सरकवून धरावाच लागतो, आणि ही सवय एकाच काठीवर दीर्घकाळ सराव केल्याने अंगवळणी पडते, काठ्या बदलत राहिल्याने मोडते. शिवाय अंतिम सामन्यात दोघांच्याही हाती तशीच काठी असेल, तर एकाच्या पराभवाचे कारण तिच्यात कसे सापडणार? नामवंतांच्या काठीवरील नाव बहुधा उत्पादकाशी झालेल्या कराराचे असते, हेही विसरून चालणार नाही.

या मताच्या खंडनासाठी पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांचे उदाहरण देण्याचा मोह होतो, कारण १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले ते लाकडी काठीने. पण तो युक्तिवाद लंगडा आहे, कारण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातातही लाकूडच होते. १९९६ चा हाँगकाँगचा सामना अधिक बोलका आहे. प्रथम १२० डाव जिंकणारा विजयी, अशा अटीवर झालेल्या, पूलच्या नाइन-बॉल या प्रकारातील त्या सामन्यात फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंड यांना १२०–११७ असे हरवले. २३७ डावांनंतर अंतर केवळ तीन डावांचे! इतक्या जवळच्या खेळाडूंमधील फरक एखाद्या छोट्या सामन्यावरून ठरत नाही, मग काठीच्या किमतीवरून कुठून ठरणार? तुलनेचे खरे साधन डावांची दीर्घ नोंद हे होय. पूल खेळाडूंचे फार्गो गुणांकन याच तत्त्वावर चालते: दोन खेळाडूंच्या गुणांकात १०० चा फरक असेल, तर वरचा खेळाडू साधारणतः दोन डाव जिंकतो तेव्हा खालचा एक जिंकतो.

मात्र याच्या उलट टोकाचे मत, म्हणजे कसबी खेळाडूला साहित्य कसलेही चालते हे म्हणणे, तितकेच चुकीचे आहे. स्ट्रेट पूल या प्रकारात प्रत्येक बॉलला एक गुण असतो. त्यात विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये सलग ५२६ बॉल पाडले ते आठ फुटी टेबलावर, तर जॉन श्मिट यांनी २०१९ मध्ये ६२६ पाडले ते नऊ फुटी टेबलावर. म्हणून निव्वळ आकड्यांची वजाबाकी करून कोण श्रेष्ठ हे सांगता येत नाही. पॉकेटचेही तसेच. बॉलचा व्यास सव्वादोन इंच असतो, म्हणजे साडेचार इंची पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल नेमके शेजारी बसतात. तेच तोंड चार इंचांचे केले की कडेला लागून सहज आत जाणारा बॉल जबड्यात खडखडून बाहेर उभा राहतो. कॅरममध्येही स्ट्रायकर कितीही भारी असला तरी बोर्ड फुगलेला असेल तर सोंगटी वाकडीच जाते.

म्हणून मंडन करायचे ते टेबलाचे. सिहोरा धानाच्या पट्ट्यातले, चांदपूरच्या जलाशयाजवळचे गाव असून तिथल्या पावसाळ्यात लोकरी कापड दमट हवेतील ओल धरते, बॉल जड चालतो आणि टेबलाच्या कडेच्या कुशनवरून परतण्याचा त्याचा कोन बदलतो. अशा ठिकाणी स्लेटचा दगडी पाट, त्याची पाणसळीने तपासलेली पातळी, घट्ट ताणलेले कापड आणि एकाच संचातले, सारख्या वजनाचे फिनॉलिक रेझिनचे बॉल यांवर खर्च झाला, तर तेथे सराव करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा लाभ मिळतो. एका खेळाडूच्या कार्बन काठीचा लाभ एकालाच. ज्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ मध्ये स्नूकर हा पूलचा भाऊबंद खेळ जन्मला असे मानले जाते, ते शहर सिहोऱ्याहून पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, म्हणून हे खेळ महानगरांचेच आहेत असे समजण्यासही आधार नाही. टेबलावरील खर्चानंतर पैसे उरले तर सर्वांसाठी मेपल लाकडाच्या चार सरळ काठ्या घ्याव्यात आणि त्यांच्या टोकाची चामड्याची टिप झिजताच बदलावी, कारण गुळगुळीत झालेल्या टिपेवर चॉक टिकत नाही आणि फिरकी देताना ती बॉलवरून निसटते, मग काठी कितीही किमतीची असो.