पुढचं शीड आणि आपला खिसा

आमच्या होडीविषयी काही लिहिलं की नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो, "अरे, पण वादळ आलं तर?" त्याचं निम्मं उत्तर फर्लर या वस्तूत आहे. ज्यांना शिडातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हा प्रश्न काही फक्त होडीवाल्यांचा नाही!

होडीच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या वरच्या भागापर्यंत एक तार ताणलेली असते. पुढचं शीड, म्हणजे जिब, साध्या पद्धतीत आकड्यांनी या तारेला अडकवतात. ते उतरवायचं तर कुणाला तरी टोकाशी जाऊन खाली ओढावं लागतं. फर्लर असेल तर ते तारेभोवती गुंडाळलं जातं. बाल्कनीतला चटईचा पडदा उभा धरून गुंडाळावा, तसं. दोरी मागे कॉकपिटमध्ये येते. बसल्या जागी ओढा, काम झालं.

निव्वळ सोय म्हणून हा खर्च मला पटला नसता. पण आम्ही असतो चेसापीकवर. ही खाडी लांबीला सुमारे ३२० किलोमीटर, आणि सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या उठतात. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून गडगडाट करत वादळ येतं आणि बघता बघता डोक्यावर असतं. आमची कॅटालिना २२, आणि तिच्यावर बहुतेक वेळा आम्ही दोघंच. मी टोकाला गेलो आणि पाण्यात पडलो, तर हिने एकटीने शिडं सांभाळायची, होडी वळवून आणायची आणि मला वर ओढायचं. हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग किमती बघा.

किमती बघताना तीन गोष्टी तपासाव्यात असं माझं मत आहे.

पहिली, गुंडाळणं आणि कमी करणं यांतला फरक. काही स्वस्त संच (हार्केनचे लहान होड्यांसाठीचे ड्रम आणि स्विव्हल त्यातलेच) शीड पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद एवढंच करतात. ज्या कामासाठी आहेत त्यात ते उत्तमच, पण वारा वाढल्यावर अर्धंच शीड ठेवायचं असेल तर उपयोगाचे नाहीत. त्याला पन्हळ असलेली नळी लागते.

दुसरी, खोक्यावर न लिहिलेला खर्च. जुन्या जिबचे आकडे काढून कडेला पन्हळीत बसणारी पट्टी शिवावी लागते. गुंडाळलेलं शीड सतत उन्हात राहतं, म्हणून बाहेरच्या कडांना ऊन सोसणारं कापड लागतं. खालचा ड्रम जागा खातो, त्यामुळे कधी शीड आखूडही करावं लागतं. शीडवाल्याचं बिल धरूनच तुलना करावी.

तिसरी, वरचं टोक. स्विव्हलच्या फर्लरमध्ये शीड चढवायची दोरी तारेच्या फार जवळून गेली तर तिच्याभोवती गुरफटते. फर्लर अडकतो, माणूस विंच लावून जोर करतो आणि तार तुटू शकते. मग डोलकाठीचंही खरं नाही.

म्हणून आमच्या मापाच्या होडीला मी सीडीआयचा फर्लर निवडला. पीव्हीसीची एकसंध नळी आहे त्या तारेवरच बसते, शीड चढवायची दोरी नळीच्या आतून जाते आणि वर स्विव्हलच नाही. म्हणजे गुरफटण्याचा प्रश्नच मिटला. तोटे आहेतच. शीड चढवताना घासतं, दोन माणसं लागतात. कड हवी तितकी ताणली जात नाही, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने वर चढताना होडी थोडी मागे पडते. शर्यतवाले नाक मुरडतील. मुरडू देत!

आणि एवढेही पैसे घालायचे नसतील तर? जुनी कॅटालिना दोन-चार हजार डॉलरला मिळते, तिच्यावर किती खर्च करावा हा प्रश्न रास्तच आहे. त्यांनी आकडे असलेलं शीडच ठेवावं. शिडाच्या वरच्या टोकाला एक दोरी बांधून ती आकड्यांमधून खाली, टोकाजवळच्या कप्पीतून मागे कॉकपिटमध्ये आणावी. चढवायची दोरीही मागेच आणावी. एक सोडली, दुसरी ओढली की शीड डेकवर. खर्च दोरी आणि कप्प्यांचा. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या, पण पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या जुन्या फर्लरपेक्षा मी हाच उपाय कधीही पत्करेन.

एवढं मात्र खरं, की हरिकेनचा इशारा आला की गुंडाळलेलं शीडही उतरवून घरी न्यायचं. सोसाट्याच्या वाऱ्याला एक कोपरा सापडला की तो सगळं उलगडतो. तिथे फर्लर कितीचा होता, याला काही अर्थ उरत नाही.

काका, वादळाचं उत्तर मिळालं का? आणि शीडवाल्यांपैकी कुणाचं मत वेगळं असेल, तर जरूर लिहा.