पोरगं कच्चं, की वाचायला दिलेलं परकं?

शेतकरी बंधूंनो, शहापूर-मुरबाडकडे एक गाऱ्हाणं घरोघरी ऐकू येतं. "पोरगं पाचवीत गेलं, पण धडा वाचून काय कळलं विचारा, तर गप्प." मग त्याच्यावर 'कच्चा' असा शिक्का बसतो. तो मारण्याआधी त्याच्या हातात वलगणीच्या माशांवरचा, राब भाजण्यावरचा किंवा क्रिकेटच्या सामन्याचा मजकूर देऊन बघा. अडखळेल, पण काय वाचलं ते सांगेल. कदाचित लिहिणाऱ्याची चूकही काढेल!

अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या, म्हणजे तिकडच्या चेंडूफळीच्या, सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. ज्याची आवड, त्याची माहिती पोरं आपोआप गोळा करतात. मग नवं वाक्य कुठे बसवायचं ते त्यांना कळतं. डोंबिवलीच्या पोराला 'चिखलणी' शब्द अडतो, ठाकरवाडीच्या पोराला लिफ्टचा धडा अडतो. पुस्तक मात्र दोघांना एकच.

आता आवडीनं अक्षरओळख होत नाही, ती शाळेतच व्हायला हवी. आणि जन्मभर चिंबोऱ्यांवरचंच वाचूनही भागणार नाही. समृद्धी महामार्गासाठी शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतल्या जमिनी गेल्या. भूसंपादनाची नोटीस कुणाच्या आवडीची नसते, तरी ती समजावी लागतेच. पण वाचलेलं समजतं हा भरवसा ज्याला लहानपणी आलाच नाही, तो नोटीस बघून दुसऱ्याचं तोंड बघतो आणि दाखवतील तिथे सही करतो.

सरपंच मंडळींनो, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आपल्या वाड्यांवर पुस्तकांचं कपाट असलं तरी बहुधा कुलपात, का तर पुस्तकं फाटतील. फाटू द्या की! शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकच असतात. पोरं कशात रमतात ते त्यांनी आधी पोरांना विचारावं, मग पुस्तकांची यादी करावी.

आणि खताच्या गोणीवरचा मजकूर आज पोराकडून वाचून घ्या. नत्र किती, स्फुरद किती, आपल्या भाताला कधी टाकायचं, हे त्यालाच सांगू द्या.