कर्दमोत्सव

श्रीसूक्त नित्य म्हणणाऱ्या घरांतही एक गोष्ट क्वचितच लक्षांत येते. लक्ष्मीचे पुत्र म्हणून परंपरेनें जे सांगितले जातात त्यांपैकीं कर्दम आणि चिक्लीत हे त्या सूक्तांत आले आहेत. पहिल्याचा अर्थ चिखल, दुसऱ्याचा ओलावा. असें असूनही चिखल दिसला कीं आपण वस्त्रें सांवरून दूर होतों. अशा संस्कारांत वाढलेल्या गृहस्थानें चिखलाच्याच उत्सवास जावें, हा योग आम्हांस दक्षिण कोरियांत मुलाकडे राहत असतां आला.

सोलच्या दक्षिणेस, पश्चिम किनाऱ्यावर बोर्योंग नांवाचें शहर आहे. त्याच्या देचॉन पुळणीवर उन्हाळ्यांत हा उत्सव भरतो. तो प्राचीन मुळींच नव्हे. तेथील खाजणांतील चिखलापासून १९९६ सालीं सौंदर्यप्रसाधनें तयार होऊं लागलीं, आणि त्यांची ख्याति व्हावी म्हणून १९९८ सालीं उत्सव सुरू झाला. लक्ष्मी आणि कर्दम यांचें नातें येथें अगदींच उघड आहे! गंमत अशी कीं, ही पुळण वाळूची. चिखल दुसरीकडून मालमोटारींनीं आणावा लागतो. मग कुंडांत, घसरगुंड्यांवर व कुस्तीच्या हौदांत तो लोकांच्या हवालीं होतो. 'चिखलाचा तुरुंग' म्हणून एक पिंजरा असतो. आंत शिरलेल्यांवर बाहेरून चिखलाचा वर्षाव होतो, आणि आंत जाण्यासाठीं माणसें पैसे भरून आनंदानें रांगेंत उभीं राहतात.

'हा उत्सव कसला, ही तर जाहिरात!' असें कोणी म्हणेल. गोव्यांत माशेल येथें देवकीकृष्णाच्या देवळापुढें आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं चिखलकाला होतो. तेथें भक्त अंगास तेल चोळून चिखलांत खेळतात. त्यामागें भजन आहे, बाळकृष्णाच्या लीलांचें स्मरण आहे. दोहोंची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु उत्सवाची परीक्षा त्याच्या वयावरून करूं नये; तो माणसांस एकमेकांजवळ आणतो कीं नाहीं, यावरून करावी.

कोरियन लोक अतिशय शिष्ट. वडिलांस वस्तु द्यावयाची ती दोन्ही हातांनीं, नमस्कार करावयाचा तो लवून. आम्हांस तेथें कोणीं दुरुत्तर केलें नाहीं. तथापि परदेशी मनुष्यास लवकरच एक अनुभव येतो. त्यास कोणी दुखवीत नाहीं, आणि कोणी शिवतही नाहीं. आगगाडींत त्याच्या शेजारची जागा पुष्कळदां सर्वांत शेवटीं भरते. आमचा मुलगा तेथें कित्येक वर्षें नोकरी करीत आहे. "संवय होते, बाबा," इतकेंच तो म्हणाला. सोंवळें आपल्या घरांना नवें नाहीं. पण त्याच्या पलीकडच्या बाजूस उभें राहिल्यावर कसें वाटतें, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

त्या दिवशीं पुळणीवर ही मर्यादा सुटली. आमच्याच वयाची एक कोरियन बाई करड्या चिखलाची ओंजळ घेऊन आली, रीतीप्रमाणें लवली, आणि मग दोन्ही हातांनीं तो चिखल तिनें आमच्या गालांस फांसला. "आजोबा, आतां तुम्ही ओळखूंच येत नाहीं!" म्हणून नात टाळ्या पिटूं लागली. खरेंच होतें. त्या लेपाखालीं कोण कोरियन, कोण अमेरिकन आणि कोण कोंकणस्थ, हें सांगण्याची सोय राहिली नव्हती.

हा अभेद घटकाभराचा, हें आम्ही जाणतों. समुद्रांत एक बुडी मारली कीं प्रत्येकाचा वर्ण परत येतो. परतीच्या आगगाडींत आमच्या शेजारची जागा पुन्हां रिकामीच होती. चिखलाच्या नशिबींही तेंच. उत्सवांत मस्तकीं धरलेला हा पदार्थ एरव्हीं टाकाऊ ठरतो. याच किनाऱ्यावर दक्षिणेस सेमांगम येथें ३३ किलोमीटर लांबीचा बांध २००६ सालीं जोडला गेला आणि विस्तीर्ण खाजण समुद्रापासून तुटलें. मात्र कोरियाच्या इतर कांहीं खाजणांस २०२१ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय.

मग एका दिवसाचा उपयोग काय? आपल्याच धर्मग्रंथांत होळीच्या दुसऱ्या दिवशीं, ज्यांस अस्पृश्य लेखीत अशांस स्पर्श करून मग स्नान करावें, असें सांगितलें आहे. तेथेंही दिवस एकच, आणि मागून स्नान आहेच. काळाच्या ओघांत आपण त्यांतला स्पर्श विसरलों आणि स्नान तेवढें संभाळलें. यंदाच्या धुळवडीस वाचकांनीं क्रम पालटून पाहावा. स्नान एखादे वेळीं राहिलें तरी चालेल.