कमरेचे होल्स्टर आणि कलेक्टरच्या फायलीतला नियम 3

"परवाना मिळाला तर कोणते पिस्तूल घ्यावे? होल्स्टर कसले? काडतुसे कोणती?" अलीकडे तरुण कार्यकर्ते आम्हाला हे वारंवार विचारतात. विचारणारे हौशी नाहीत. कुणाच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून धमकी आली आहे, कुणी अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार आहे, कुणाची गायरान जमीन गावाच्या डोळ्यावर आली आहे. म्हणून "बुद्धाच्या वाटेवर पिस्तूल कशाला" म्हणत हा प्रश्न उडवून लावणाऱ्या आपल्यातल्या ज्येष्ठांशी आम्ही सहमत नाही. खालच्या वर्णांनी बंड का केले नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन'मध्येच दिले आहे: चातुर्वर्ण्याने त्यांच्या हाती शस्त्र येऊच दिले नाही. नि:शस्त्र ठेवणे हा जातीचा पाया होता. तेव्हा शस्त्राचा प्रश्न विचारणे हा गुन्हा नाही.

पण उत्तराची सुरुवात होल्स्टरपासून होत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 1995 चे नियम किती कार्यकर्त्यांनी मुळातून वाचले आहेत? नियम 3 सांगतो की राज्य सरकारने अत्याचार होण्याची शक्यता असलेले भाग शोधून काढावेत. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की गरज वाटल्यास तिथल्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि त्यानंतर, जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यावेत. हा क्रम नीट पाहा. आधी ज्याच्या भिंतीवर पिढीजात बंदूक टांगली आहे त्याची बंदूक खाली, मग आपल्या हाती परवाना. आपण मात्र थेट शेवटच्या कलमावर उडी मारतो, आणि पाटलाची बारा बोअर तशीच भिंतीवर राहते.

"गरज वाटल्यास" या दोन शब्दांत सगळी मेख आहे. गरज कुणाला वाटायची? नियमाप्रमाणे राज्य सरकारला, प्रत्यक्षात कलेक्टरला. त्याला ती आपोआप वाटत नाही, वाटायला लावावी लागते. दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. तिथे हा विषय किती वेळा मांडला गेला?

परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 14 पाठ करावे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. "सातबारा आणा" म्हणणाऱ्या टेबलापुढे हे कलम ठेवा. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या आणि कलम 18 खाली अपील करा.

आता विचारलेल्या गोष्टीकडे येऊ. 9 मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. सिनेमात दिसते ते विसरा. आपल्यासाठी बहुधा पॉइंट 32. इथेच घोटाळा होतो, कारण पिस्तुलाचे 32 आणि रिव्हॉल्व्हरचे 32 ही दोन वेगळी काडतुसे आहेत. नाव सारखे, काडतूस वेगळे, एकाचे दुसऱ्यात वापरायचे नाही. दुकानात शस्त्राचे मॉडेल सांगून, पेटीवरचे नाव वाचूनच घ्या. डाग पडलेले, गंजलेले, चेपलेले काडतूस नको. तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये भरले-काढले की गोळी आत दबत जाते, म्हणून ते फिरवत राहा. काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते, तेव्हा सरावात किती जातील याचा हिशेब आधीच करा. सराव नसलेल्याने पिस्तूल घेऊच नये, असे आमचे सरळ मत आहे. आणि आपल्या वस्तीतली घरे आठवा. पत्रा, फळी, एक विटेची भिंत. धातूचे पूर्ण कवच असलेली गोळी अशा भिंतीत थांबत नाही, पलीकडे शेजारणीचे लेकरू झोपलेले असते. बंगल्यात राहणाऱ्याने दिलेला सल्ला वस्तीत चालत नाही तो यामुळे.

होल्स्टरची परीक्षा तीन गोष्टींची. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे. रिकामे पिस्तूल आत घालून उलटे धरले तरी पडता कामा नये. आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटता कामा नये, कारण मऊ पडलेल्या चामड्याची घडी परत घालताना ट्रिगरवर येते आणि मांडीत गोळी जाते. सर्व पिस्तुलांना चालणारे कापडी होल्स्टर म्हणूनच टाळा. पाठीच्या कण्यावर अडकवू नका, मोटारसायकलवरून पडलात तर मणकाच जाईल. साधा मऊ पट्टा वजनाने लोंबतो, जाड पट्टा लागतो. आपल्याकडच्या मॉडेलला तयार होल्स्टर मिळत नसेल तर चामड्याच्या कारागिराकडून मापाने शिवून घ्या. तो कारागीर बहुतेक आपल्याच माणसांपैकी निघेल. ज्या चामड्याने आपल्याला अस्पृश्य ठरवले त्याचाच हा उपयोग, हे जाता जाता.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले असावे लागते, आणि लग्न, सभा, मिरवणुकीत ते मिरवायला मनाई आहे. तरी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत कमरेचे पिस्तूल दाखवणारे रील येतातच. हे रील करणाऱ्यांनी पँथरचा इतिहास वाचावा. 1972 साली आपल्या पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सनी कायद्याच्या चौकटीत उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवली. 1967 साली कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला आणि भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. त्याआधी 1956 साली, घरावर बॉम्ब पडल्यानंतर, मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. आणि 2016 साली मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गाडीत गोळ्या घातल्या. त्याच्याकडे रीतसर परवाना होता आणि जवळ शस्त्र असल्याचे त्याने स्वतःहून सांगितले होते. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला. परवाना कागदावर सारखा असतो, तो कुणाच्या खिशात आहे यावरून त्याची किंमत ठरते. आपल्या तरुणाच्या कमरेला पिस्तूल दिसले की ठाण्यात पहिला शब्द कोणता उमटेल, हे आम्ही सांगायला नको.

खर्चाचेही बोलू. 2014 साली आलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाच्या आसपास होते. शेतमजुराने कुठून आणायचे? खैरलांजीत 2006 साली जमाव घरावर चालून आला, चौघे मारले गेले. अशा जमावापुढे एका कमरेचे पिस्तूल किती पुरते? शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करायची वेळ येते. कुणाला सूट द्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. गावात तणाव सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत आपले पिस्तूल पोलिसांच्या कपाटात असू शकते. सूट हवी असेल तर कारणांसह अर्ज आचारसंहितेआधी तयार ठेवा.

म्हणून होल्स्टर शिवायला टाकण्याआधी प्रत्येक तालुक्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज जाऊ द्या. नियम 3 खाली आपल्या जिल्ह्यात कोणती गावे अत्याचारप्रवण ठरवली? त्या गावांत किती बिगर-दलितांचे परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जमा झाली? अनुसूचित जाती-जमातीच्या किती अर्जदारांना परवाने मिळाले, किती नाकारले, कोणत्या कारणाने? आलेली उत्तरे आम्हाला पाठवा, जिल्ह्याच्या नावासह इथे छापू. उत्तर आले नाही तर तेही छापू.

जयभीम.