ग्रोनिंगनची चाचणी, क्षयाचा संशय

१९८५ साली ग्रोनिंगनचे फोक्को व्हान डर वाउडे आणि त्यांच्या डच व डॅनिश सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या, तेव्हा 'वेगेनर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात रुग्णाच्या रक्तात त्याच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात, हे त्यात दाखविले होते. (वेगेनर यांचे नाझी संबंध उजेडात आल्यावर २०११ मध्ये आजाराचे नाव बदलले, चाचणीचे 'अँका' हे नाव कायम आहे.)

ही चाचणी आज पुण्या-मुंबईतही सहज होते. अडचण आहे ती तिच्या आधीच्या टप्प्यावर. ताप, घटते वजन, खोकल्यातून रक्त, क्ष-किरण चित्रात फुप्फुसात पोकळी, एवढे दिसल्यावर भारतीय डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षयच येतो आणि ते योग्यही आहे. मात्र थुंकीत जंतू सापडत नसताना आणि गुण येत नसतानाही क्षयाचीच औषधे चालू राहिली, तर तोवर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. काही रुग्णांत त्याला आठवडेच पुरतात. उलट चूकही तितकीच घातक आहे. क्षयाच्या काही रुग्णांतही अँका सकारात्मक येते; केवळ तेवढ्यावर स्टेरॉइड सुरू केल्यास जंतूंना रान मोकळे मिळते.

म्हणून सांगलीहून आइंडहोव्हनच्या मुलाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अहवालात नुसते 'पॉझिटिव्ह' वाचून भागत नाही. प्रतिपिंडे 'पीआर३' वा 'एमपीओ' या विशिष्ट प्रथिनांविरुद्ध आहेत का, हे पाहावे लागते. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनेही सूक्ष्मदर्शकाखालील जुन्या पद्धतीऐवजी याच चाचण्यांना पहिले स्थान दिले.

आकड्याचा मोहही आवरावा लागतो. १९९० मध्ये ग्रोनिंगनच्याच मोजक्या रुग्णांवरील अभ्यासात पातळी वाढताच उपचार दिल्याने आजार उलटणे टळले होते. पुढील अनुभव इतका सरळ नव्हता. पातळी वाढूनही अनेकजण ठणठणीत राहिले. आता युरोपीय मार्गदर्शक सूचना केवळ अँकाच्या पातळीवरून उपचार बदलू नयेत असे सांगतात. दर महिन्याचा आकडा पाहून धास्तावणाऱ्या कुटुंबांना हे कोणी समजावून सांगत नाही.

मूत्रपिंडांना झळ पोहोचली आहे का, याचा पहिला सुगावा बहुधा लघवीच्या साध्या तपासणीत रक्त व प्रथिने आढळून लागतो. ती तालुक्याच्या गावीही होते, अल्प खर्चात.