खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचे काम

एकाच नावाचा माल दोन प्रतींत येतो, हे व्यापारी घराण्यांना कोणी सांगावे लागत नाही. गोणीवर नाव कोणतेही असो, मुठीत दाणा घेऊन पाहिल्याखेरीज आपण भाव ठरवीत नाही. संगणकाच्या दुकानात मात्र हीच पारखी मंडळी खोक्यावरचा एक आकडा पाहून पैसे मोजतात. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तो आकडा म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये छापलेला ‘क्लॉक स्पीड’. घरातील मुले अॅनिमेशन, वास्तुरचना किंवा व्हिडिओ संकलन शिकू लागली, की पंधरा-वीस हजारांच्या आसपासची ही खरेदी दाराशी येते. म्हणून या आकड्याचा अर्थ समजून घेणे हिताचे आहे.

१००० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याबरोबर चिपमधील प्रत्येक कोअर आपला हिशेब पुढे सरकवतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर क्लॉक स्पीड हा रोखपालाच्या हाताचा वेग होय. परंतु शाखेचे दिवसाचे काम त्या एका हातावर अवलंबून नसते. काउंटर किती उघडे आहेत, हेही पाहावे लागते. ती कोअरची संख्या. आणि तिजोरीपासून काउंटरपर्यंत रोकड किती वेगाने पोहोचते, हेही पाहावे लागते. ती मेमरीची बँडविड्थ. रोकडच आली नाही, तर चपळ रोखपालही हात बांधून बसतो.

याचे ठळक उदाहरण एनव्हिडियाच्या जीटी १०३० या स्वस्त कार्डाचे आहे. ते २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. त्याचा कमाल क्लॉक १४६८ मेगाहर्ट्झ आणि बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती बाजारात आली. तिचा क्लॉक १३७९, म्हणजे जेमतेम सहा टक्क्यांनी कमी. कोअरही तितकेच, ३८४. पण बँडविड्थ १६.८ जीबी, म्हणजे मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. अनेक खेळांच्या चाचण्यांत तिची गती पहिलीच्या जवळजवळ निम्म्यावर आली. क्लॉक पाहून घेणाऱ्याला हा फरक दिसलाच नसता.

उलट उदाहरणही आहे. जीटीएक्स १६५० हे कार्ड २०१९ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले, तेव्हा त्याचा कमाल क्लॉक १६६५ होता. २०२० च्या जीडीडीआर६ आवृत्तीत तो १५९० वर उतरला, मात्र बँडविड्थ १२८ वरून १९२ जीबी झाली. येथे कमी क्लॉकचे कार्ड थोडे अधिक वेगवान ठरले.

आता एकाच कंपनीची, एकाच पिढीची दोन कार्डे घेऊ. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचा कमाल क्लॉक २८१५, तर आरएक्स ६६०० चा २४९१. वरवर पाहता पहिले सरस वाटेल. परंतु पहिल्यात कोअर १०२४ आणि दुसऱ्यात १७९२ आहेत. कोअर आणि क्लॉक यांचा गुणाकार करावा: पहिल्याचा सुमारे २८.८ लाख, दुसऱ्याचा ४४.६ लाख. म्हणजे कमी क्लॉकच्या कार्डाची गणनशक्ती दीडपटीहून अधिक. शिवाय मेमरी ४ ऐवजी ८ जीबी. ६५०० एक्सटी मदरबोर्डाशी केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या मदरबोर्डावर त्याची गती आणखी घटते. व्हिडिओ एन्कोड करण्याची स्वतंत्र यंत्रणाही त्यात नाही, हे संकलन शिकणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे.

हा गुणाकार दोन कंपन्यांच्या कार्डांना मात्र लावू नये. आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबी कार्डात २५६० कोअर आणि १७७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे गुणाकार ४५.५ लाख. तरीही सर्वसाधारण खेळांत आरएक्स ६६०० त्याच्या पुढे राहते. दोन्हीकडे ‘कोअर’ हा शब्द एकच असला, तरी एका कोअरचे काम सारखे नसते. दुसरीकडे, एखाद्या सॉफ्टवेअरला एनव्हिडियाची ‘कुडा’ प्रणालीच लागत असेल, तर एएमडीचा वेग तेथे उपयोगाचा नाही.

२०२४ मध्ये आरटीएक्स ३०५० याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले. त्यात कोअर २३०४, कमाल क्लॉक १४७० आणि बँडविड्थ २२४ ऐवजी १६८ जीबी आहे. ते मूळ कार्डापेक्षा मंद आहे, पण केवळ ७० वॅट वीज घेते आणि बहुधा वेगळी वीजजोडणी मागत नाही. जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय लहान असेल, तर हा गुण मोलाचा. योग्य किमतीत ते उत्तम; ८ जीबीच्या भावात मात्र घेऊ नये.

तेव्हा खरेदीपूर्वी प्रथम काम ठरवावे. दुकानाचे हिशेब, टॅली, ई-मेल एवढेच असेल, तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आहे; स्वतंत्र कार्डाचा खर्चच नको. अभ्यासक्रमासाठी हवे असेल, तर त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच कार्डाची चाचणी पाहावी. नंतर कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार व जीबी, बँडविड्थ, लागणारे वॅट आणि आपल्या मदरबोर्डाशी जुळणी तपासावी. क्लॉक सर्वांत शेवटी, आणि तोही एकाच चिपच्या दोन कार्डांत निवड करताना. असा फरक बहुधा थोडाच असतो. त्यासाठी हजार-दोन हजार अधिक मोजण्यापूर्वी विचार करावा.

पक्क्या बिलावर ‘३०५०’ एवढेच न लिहिता ‘३०५०, ८ जीबी, जीडीडीआर६’ असे संपूर्ण वर्णन लिहून घ्यावे. खोके उघडल्यावर दुसरीच प्रत निघाली, तर ते वर्णनच आपल्या हाती राहील.