व्यवहाराच्या गोष्टी : राजीनामा देतांना

"कोठें चाललांत? पगार किती? आम्हीं काय दिलें म्हणजे राहाल?" राजीनामा पुढें करतांच वरिष्ठांच्या तोंडून बहुधा हे तीन प्रश्न निघतात, आणि भिडस्त मनुष्य तिन्हींचीं उत्तरें देऊन बसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात तें येथें अनुभवास येतें. कारण नव्या ठिकाणीं रुजू होण्यापूर्वीं दोन्हीकडील ओळखीच्या माणसांत झालेलें सहज बोलणेंही पुष्कळदां घात करतें.

विचारणाराचा हेतु वाईटच असतो असें नाहीं. आपला मनुष्य प्रतिस्पर्ध्याकडे तर जात नाहीं ना, हें त्यास कळावेंसें वाटणें साहजिक आहे. तथापि नोकर देणें लागतो तें इतकेंच : ठरलेल्या मुदतीची सूचना, हातांतील काम दुसऱ्याच्या नीट स्वाधीन करणें आणि धंद्याचीं गुपितें राखणें.

करार मात्र आधीं वाचावा. नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट १८७२ च्या करार-कायद्याच्या २७ व्या कलमान्वयें सामान्यतः रद्दबातल ठरते. चालू मुदतीची गोष्ट निराळी. कल्याणच्या एका कारखान्यांतील नोकर पांच वर्षांचा करार पुरा होण्याआधींच कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यांत गेला. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्यावरील मनाई कायम केली. असा करार असल्यास प्रथम वकिलाचा सल्ला घ्यावा.

तशी अडचण नसेल, तर नम्रपणें म्हणावें, "साहेब, तेथें रुजू झाल्यावर मी स्वतः कळवीन, तूर्त सांगतां येत नाहीं." पगाराविषयींही हेंच उत्तर पुरे. परंतु आईच्या आजाराचें किंवा गांवच्या शेतीचें खोटें निमित्त सांगूं नये. अर्धसत्यानें धर्मराजाचाही रथ जमिनीला टेकला. शिवाय पुढील मालक चौकशीस येतो तो याच साहेबांकडे!

तिसऱ्या प्रश्नाचा निर्णय घरींच करून जावें. केवळ पगारच हवा असेल, तर राजीनाम्यापूर्वीं तो मागावा. जाण्याचें ठरलें असेल, तर नेमणुकीचें पत्र हातीं आल्यावांचून पहिली नोकरी सोडूं नये, आणि मग वाढीच्या आमिषानें डळमळूंही नये.

आणखी एक. कचेरींत राखलेलें मौन घरच्या मंडळींनीं हळदीकुंकवांत मोडलें, तर त्याचा उपयोग काय? रुजू होण्याचा दिवस उजाडेपर्यंत ही बातमी घराच्या उंबऱ्याआंतच राहूं द्यावी.